चौदा वर्षांचा बोलर, आठवड्याला चारशे चेंडू आणि मोजणारं कोणीच नाही

चाफेकळी, ठाणे (१७ जानेवारी)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. खेळणारी मुलं ज्यांच्या घरी आहेत त्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

लेक चौदा वर्षांचा आहे. उजव्या हाताने जलद गोलंदाजी करतो. नोव्हेंबरच्या शेवटी कंबर दुखते म्हणायला लागला. कंबरेच्या डाव्या बाजूला, एक बोट ठेवून दाखवता येईल एवढ्याच जागी. चेंडू टाकताना दुखायचं आणि घरी येऊन आंघोळ केली की थांबायचं. दप्तर जड आहे, गादी मऊ आहे, अंगाला उंची फुटतेय म्हणून दुखत असेल, अशी कारणं आम्हीच शोधून काढली. जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. स्नायू आखडलाय म्हणाले. गोळ्या, मलम, शेक आणि दहा दिवस विश्रांती. बरं वाटलं, परत मैदानावर गेला, परत दुखलं. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी रनअप अर्ध्यात सोडून तो खाली बसला.

मग एमआरआय झाला. कंबरेच्या पाचव्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर. तो पडला नव्हता, त्याला कुठे लागलंही नव्हतं. तोच ताण रोज पडून हाडाला बारीक तडा गेला होता.

हाडांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "आठवड्याला किती चेंडू टाकतो?" मी आणि अहो एकमेकांकडे बघत राहिलो. लेकालाही सांगता येईना. त्याचे किती बळी झाले ते आम्हाला तोंडपाठ होतं.

त्या रात्री तिघं कागद घेऊन बसलो. अकादमीत तीन दिवस नेट, प्रत्येक वेळी साठेक चेंडू, म्हणजे १८०. शाळेच्या संघाचा सराव दोन दिवस, ४८ आणि ४८, म्हणजे ९६. शनिवारी क्लबची मॅच, दहा षटकं, ६०. रविवारी सकाळी वेगळं कोचिंग, ५४. बेरीज ३९०. सोसायटीत संध्याकाळी टेनिस बॉलने खेळतो ते यात धरलेलंच नाही.

अकादमीच्या सरांना वाटायचं आठवड्यातून तीनच दिवस तर येतो. शाळेच्या सरांना वाटायचं आपण दोनच दिवस घेतो. क्लबवाले म्हणायचे, आमच्याकडे एकच मॅच. एकेकटं पाहिलं तर कोणाचंच फार चुकलेलं नाही. सगळी बेरीज फक्त त्याच्या कंबरेत होत होती आणि ती करायला हवी होती आम्ही.

आता चार महिने बोलिंग बंद. पहिले सहा आठवडे पळायचंही नाही. तो बोलत नाही, नुसता बॉल हातात फिरवत बसतो. तुमच्याकडे कोणी यातून गेलं असेल तर लिहा. आणि बेरीज ठेवायची कशी, हेही सांगा.

मैदानवेडा, दादर (१७ जानेवारी)

ताई, लेकाला लवकर आराम पडो.

पण एक सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. मी शिवाजी पार्कात वाढलो. आम्ही सकाळी शाळेआधी टाकायचो, दुपारी मॅच, संध्याकाळी सिनियर लोकांना नेटमध्ये टाकायचो. चेंडू कोण मोजणार? बोलरचं अंग टाकून टाकूनच तयार होतं. आजच्या मुलांचा बाकीचा वेळ खुर्चीत आणि मोबाइलवर जातो, उन्हातान्हात भटकणं नाही, झाडावर चढणं नाही. मला वाटतं खरं कारण तिथे आहे. चेंडू मोजून पोरं आणखी नाजूक होतील अशी भीती वाटते.

अस्थिवेध, पुणे (१८ जानेवारी)

मी हाडांचा डॉक्टर आहे. माझ्या बाह्यरुग्ण विभागात ऑक्टोबर ते मार्च या काळात अशी मुलं नेहमी येतात.

आधी हे होतं कसं ते सांगतो. उजव्या हाताचा बोलर चेंडू सोडतो तेव्हा डावा पाय जमिनीवर आपटतो. त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या पाचपट, कधी त्याहूनही जास्त जोर पायातून वर येतो. नेमकी तेव्हाच कंबर मागे वाकलेली असते, बाजूला कललेली असते आणि पिळही खात असते. मणक्याच्या मागच्या भागात हाडाचा एक अरुंद दुवा असतो, हा सगळा भार त्यावर येतो. म्हणून उजव्या हाताच्या बोलरला बहुतेक वेळा डाव्या बाजूला दुखतं. ताईंनी एका बोटाने दाखवता येणारी जागा लिहिली आहे, ती खूण फार महत्त्वाची आहे.

साधा एक्स-रे सुरुवातीला बहुधा स्वच्छच येतो. हाडावर ताण आल्याची सूज एमआरआयमध्ये दिसते, पुष्कळदा तडा जाण्याआधीच. वाढत्या वयाचा जलद गोलंदाज, कंबरेच्या एका बाजूला दुखणं, मागे वाकलं की वाढणारं आणि विश्रांतीने थांबणारं, एवढं जुळलं की एक्स-रेवर समाधान मानू नका. त्या बाजूच्या एका पायावर उभं करून हळूच मागे झुकायला सांगितलं तर त्याच जागी कळ येते का, हे पाहता येतं. नुसत्या एवढ्यावर निदान होत नाही, पण डॉक्टरकडे जायला तेवढं पुरे.

लवकर सापडलं तर बहुतेक मुलांचं हाड शस्त्रक्रियेशिवाय सांधतं. दुर्लक्ष झालं तर दुसऱ्या बाजूचा दुवाही तुटतो, मग मणका पुढे सरकू शकतो. गोळ्या घेऊन खेळवण्यात धोका आहे तो इथे.

मैदानवेडा, तुमचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. टाकल्याशिवाय अंग तयार होत नाही. हाड भाराला उत्तर देतं, ते घट्ट होत जातं. मात्र त्याला वेळ लागतो, आणि भार एकदम वाढला तर हाड मागे पडतं. ताई, तुम्हाला एक विचारतो. जून ते सप्टेंबर लेक किती टाकत होता?

चाफेकळी (१८ जानेवारी)

डॉक्टर, पावसाळ्यात जवळजवळ काहीच नाही. ग्राउंड बंद होतं. ऑक्टोबरमध्ये शाळा, अकादमी, क्लब सगळं एकाच आठवड्यात सुरू झालं.

अस्थिवेध (१८ जानेवारी)

तेच वाटलं होतं. शून्यावरून चारशेवर. आपल्याकडचा मोसमच असा आहे की चार महिने चिखल आणि मग एकदम शाळांच्या स्पर्धा. सप्टेंबरमध्ये छपराखाली आठवड्याला साठ-सत्तर चेंडू, मग दर आठवड्याला थोडे वाढवत नेले असते तर हाडाला तयारीला अवसर मिळाला असता.

आणखी एक. या वयात उंची झपाट्याने वाढते. मुलांची साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी, मुलींची त्याआधी दोनेक वर्षं. हाड लांबीला आधी वाढतं आणि त्यात कॅल्शियम भरून ते घट्ट होणं मागून होतं. मधला काळ कच्चा. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी खूण करा. तीन महिन्यांत दोन-अडीच सेंटिमीटर वाढ दिसली तर त्या दिवसांत भार कमी ठेवा. ही सूचना सगळ्या खेळांना लागू आहे. त्याच वयात गुडघ्याखालचं हाड पुढे येऊन दुखतं, टाच दुखते, मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्सच्या मुलांची मनगटं दुखतात. ही सगळी वाढीच्या कूर्चांची दुखणी आहेत. "वाढीचं दुखणं" म्हणून सोडून दिली जातात. नाव बरोबर आहे, सोडून देणं चूक आहे.

एडिसनकर, न्यू जर्सी (१९ जानेवारी)

इथे लेक बेसबॉल खेळतो, पिचर आहे म्हणजे चेंडू फेकणारा, बारा वर्षांचा. अमेरिकेत हा प्रश्न कोपराच्या रूपाने येतो. २०१४ पासून मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांची 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ९ ते १० वर्षांसाठी दिवसाला ७५ चेंडू, ११ ते १२ साठी ८५, १३ ते १४ साठी ९५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने दिवसात ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस पूर्ण विश्रांती. मैदानावर एक पालक हातात आकडा पुढे सरकवणारं यंत्र घेऊन बसलेला असतो. आकडा भरला की पिचर बदलायचा, संघ जिंकत असला तरीही.

पण चाफेकळीताईंनी जे लिहिलंय ते इथेही तसंच आहे. मुलं दोन-दोन संघांकडून खेळतात. एका संघाच्या वहीतला आकडा दुसऱ्याला माहीत नसतो. नियम असूनही बेरीज पालकांनाच ठेवावी लागते. आमच्या घरी फ्रिजवर कागद आहे.

क्रिकेटमध्ये असा काही आकडा आहे का?

फिजिओ_मृण्मयी, नाशिक (१९ जानेवारी)

आहे. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने जलद गोलंदाजांसाठी बरीच वर्षं वापरलेली मर्यादा मी माझ्याकडच्या मुलांना लिहून देते. १३ वर्षांखालील मुलाने एका स्पेलमध्ये, म्हणजे एका टोकाकडून सलग टाकताना, ५ षटकं आणि दिवसात १०. १४ आणि १५ वर्षांखालील गटांसाठी स्पेल ६ षटकांचा आणि दिवसात १२. एक स्पेल संपला की त्याच टोकाकडून तेवढीच षटकं होईपर्यंत पुन्हा टाकायचं नाही. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही, सात दिवसांत चारपेक्षा जास्त दिवस नाही. नेटमध्ये १४-१५ च्या गटांना एका सरावात ३६ चेंडू.

ताईंच्या यादीशी ताडून बघा. मुलगा आठवड्यातले सातही दिवस टाकत होता, टेनिस बॉल धरून. एकही दिवस रिकामा नव्हता.

मी हे आकडे सांगते तेव्हा कोच म्हणतात, "मॅडम, नेटमध्ये पंचवीस बॅट्समन आहेत, बोलर चार. त्यांनी ३६ वर थांबायचं तर बाकीच्यांनी बॅटिंग कशी करायची?" त्यांची अडचण खरी आहे. फीचं गणित बॅट्समनवर चालतं आणि बोलर त्यात यंत्रासारखा वापरला जातो. मी त्यांना थ्रोडाउनची काठी, म्हणजे कोचने बोलरऐवजी चेंडू फेकायची काठी, आणायला सांगते. एका अकादमीने आणली. दोघांनी नाही आणली.

अॅक्शनबद्दलही लिहिते. खांदे आडवे आणि कंबर सरळ, किंवा उलटं, अशी मिश्र अॅक्शन असेल तर कंबरेला पीळ जास्त बसतो. बरा होऊन तो परत येईल तेव्हा बाजूने आणि मागून मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ काढा आणि जाणत्या कोचला दाखवा. पण दुखणाऱ्या कंबरेवर अॅक्शन बदलण्याचे प्रयोग करू नका. आधी हाड भरू द्या.

मैदानवेडा (१९ जानेवारी)

डॉक्टर, मृण्मयीताई, वाचलं. रात्रभर मनात घोळत होतं म्हणून लिहितो.

आमच्या वेळी एक मुलगा होता. आमच्या सगळ्यांपेक्षा वेगवान. नेटमध्ये त्याला टाळण्यासाठी मोठी माणसं दुसऱ्या नेटला जायची. सतराव्या वर्षी त्याची कंबर धरली. मालीश झालं, पट्टा झाला, देवाचं झालं. वर्षभर तो येत-जात राहिला, मग यायचा थांबला. आम्ही म्हणायचो, त्याच्यात दम नव्हता. आज हा धागा वाचेपर्यंत मी तेच म्हणत होतो. आम्ही जे टिकलो ते "आम्हाला कुठे काय झालं" म्हणायला उरलो.

अंग तयार व्हायला हवं हे मी अजूनही म्हणेन. पण मोजायला हवं, हे मान्य.

अस्थिवेध (१९ जानेवारी)

मैदानवेडा, तुम्ही हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे.

मोठी नावं पाहिली तरी हेच दिसतं. ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला, वय १८, दुसऱ्या डावात सहा बळी. त्याची पुढची कसोटी मार्च २०१७ मध्ये, आपल्याकडे रांचीला. मधल्या काळात पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने त्याला पुन्हापुन्हा बाहेर बसवलं. बुमराहला २०१९ मध्ये कंबरेचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, २०२२ मध्ये पाठीने पुन्हा डोकं वर काढलं आणि २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. या दोघांच्या मागे आख्खं बोर्ड, फिजिओ, स्कॅन सगळं होतं. आपल्या मुलामागे आईबाप आणि एक वही.

चाफेकळीताई, लेकाला कमिन्सचं सांगा. त्या सव्वापाच वर्षांनंतर तो ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला.

पीटीचे_सर, सांगली जिल्हा (२१ जानेवारी)

माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्याकडे क्रिकेटपेक्षा कबड्डी आणि खो-खो. आमची दुखणी वेगळी आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तालुक्याच्या स्पर्धा मुरमाच्या मैदानावर होतात. एका दिवसात तीन-तीन सामने. मुलं पहाटे पाचला टेम्पोतून निघतात, वडापाववर दुपार काढतात आणि चारला उपांत्य सामना असतो. पट काढताना किंवा चढाईवरून वळताना गुडघा आत जातो, 'टक' असा आवाज येतो आणि पोरगं खाली. तासाभरात गुडघा सुजून भोपळा होतो. आत लिगामेंट गेलेलं असतं. पहिली काही वर्षं मीसुद्धा स्प्रे मारून "चल, ऊठ" म्हटलंय. त्याचं आज फार वाईट वाटतं. त्यातल्या एका मुलीला पुढे पायऱ्या उतरतानाही गुडघ्याचा भरवसा वाटेनासा झाला.

आमचा वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या आणि हातपाय झटकणं. तीन वर्षांपूर्वी एका शिबिरात फुटबॉलचा 'फिफा ११ प्लस' दाखवला. वीस मिनिटं, पंधरा व्यायाम, साहित्य काही लागत नाही. हळू पळणं, मग ताकद आणि तोल, मग वेगात पळणं आणि दिशा बदलणं. एका पायावर उभं राहणं, उडी मारून गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरणं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि आपण गुडघ्यांवरून हळूहळू पुढे झुकायचं. मी त्यात कबड्डीची पायहालचाल घातली. पहिला महिना पोरं कंटाळली. मग मी तो वॉर्मअप कर्णधाराकडे सोपवला आणि मुली एकमेकींचे गुडघे बघायला लागल्या, "तुझा आत गेला, परत मार." माझ्याकडे आकडेवारी नाही. पण शिट्टीऐवजी त्या आवाजाची वाट बघत उभं राहायची जी धास्ती होती, ती कमी झाली आहे.

आता अवघड गोष्ट. दहावीची मुलं दुखणं लपवतात. खेळाचे सवलतीचे गुण असतात, जिल्हा-विभागापर्यंत गेलं तर ते मिळणार असतात. घरची परिस्थिती बेताची असली की त्या गुणांवर पुढची अॅडमिशन अवलंबून असते. पोराला मी काय सांगू, गुडघा सांभाळ की गुण? मी आता स्पर्धेआधी एकेकाला बाजूला घेऊन विचारतो, सगळ्यांसमोर नाही. सगळ्यांसमोर कोणीच "दुखतंय" म्हणत नाही.

डॉक्टरांना एक प्रश्न. आमच्या भागात हाडवैद्याकडे नेऊन मालीश करून घेतात. कोपराला लागलेल्या एका मुलाचा हात नंतर सरळच होईना. हे मालीशमुळे असू शकतं का?

अस्थिवेध (२१ जानेवारी)

सर, होय, असू शकतं. मी हे लिहिणारच होतो, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत.

कोपराला मार लागल्यावर आत रक्त साचतं. ते आपोआप शोषलं जायला हवं. त्या वेळी जोरात चोळलं, ओढलं, जबरदस्तीने हात सरळ केला तर स्नायूमध्येच हाड तयार व्हायला लागतं आणि कोपर ताठ होतो. मुलांच्या कोपराबाबत हे विशेष जपावं लागतं. दुसरा धोका बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधण्याचा. आत सूज वाढते, बाहेर जागा नसते आणि रक्तपुरवठा अडतो. बोटं पांढरी किंवा निळसर, मुंग्या, आणि बोटं हलकेच सरळ केली तरी असह्य कळ. असं असेल तर पट्टी तिथल्या तिथे सोडा आणि रुग्णालय गाठा. उशीर झाला तर पंजा कायमचा वाकडा होतो.

ज्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या लोक विश्वासाने जातात त्यांच्याबद्दल मी आकसाने लिहीत नाही. माझे स्वतःचे आजोबा जायचे. पण एक्स-रेआधी सुजलेल्या सांध्याला कोणाचाही हात लागू देऊ नका. लागल्यावर लगेच करायचं एवढंच: हलवू नका, आधार द्या, कापडात गुंडाळून बर्फ पंधरा-वीस मिनिटं, आणि तो भाग उशीवर उंच.

रानवारा, सातारा (२२ जानेवारी)

माझी मुलगी पळते. पंधराशे आणि तीन हजार मीटर. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते.

मागच्या वर्षी तिची पाळी पाच महिने आली नाही. मैत्रिणी म्हणाल्या, पळणाऱ्या मुलींचं असंच होतं, बरंच आहे की, कटकट नाही. सरांना विचारायची तिला लाज आणि मलाही. वजन कमी झालं तर वेग वाढतो असं तिने कुठेतरी वाचलं होतं, भाकरी अर्धीच खायची. मग नडगीचं हाड दुखायला लागलं, स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न पाळीचा विचारला. जेवढं पळते तेवढं खात नसेल तर शरीर आधी पाळी थांबवतं आणि हाडंही कमजोर होतात, असं त्यांनी समजावलं. तेव्हा कुठे मला दोन्हींचा संबंध कळला.

आता तिच्या वहीत किलोमीटरच्या शेजारी पाळीची तारीख असते. दोन चुकल्या की डॉक्टर, मग शर्यत कोणतीही असो. पळून आल्यावर अर्ध्या तासात काहीतरी पोटात जायलाच हवं, शेंगदाण्याचा लाडू, केळं, दूध. मुलींच्या आयांनी कृपा करून याकडे लाजेचा विषय म्हणून बघू नये.

फिजिओ_मृण्मयी (२२ जानेवारी)

रानवाराताई, तुमचा प्रतिसाद मी माझ्याकडच्या सगळ्या मुलींच्या आयांना वाचायला देणार आहे.

आतापर्यंत सगळं हळूहळू होणाऱ्या दुखण्यांबद्दल आलं. एका फटक्यात होणाऱ्या इजांबद्दल तीन गोष्टी लिहिते.

हेल्मेट. "वाढतं अंग आहे" म्हणून शाळेच्या बुटासारखं एक माप मोठं घेऊ नका. डोकं हलवल्यावर हेल्मेट वेगळं हलत असेल तर ते संरक्षण करत नाही. लहान गटांचा चेंडू आकाराने लहान असतो, दादाच्या हेल्मेटच्या जाळीतून तो आत येऊ शकतो. जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. मानेमागचं गार्ड लावा. नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूजला चेंडू मानेवर लागला, हेल्मेटखालच्या उघड्या जागी, आणि दोन दिवसांनी तो गेला. वय २५. क्षेत्ररक्षणात शॉर्टलेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, उभ्या मुलाच्या डोक्यावरही हेल्मेट हवं. भारताचे क्रिकेटपटू रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्याला हेल्मेटशिवाय तिथेच उभे होते, डोक्याला चेंडू लागून ते गेले.

डोक्याला मार. बेशुद्ध झाला नाही म्हणजे काही झालं नाही, असं नाही. डोकं दुखणं, गरगरणं, उलटी, तेच तेच विचारणं, डोळ्यांसमोर धूसर, यातलं काही दिसलं की त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. "थोडं बसून मग जा" हेही नाही. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं. उलट्या वाढल्या, झोपाळू झाला, झटका आला तर थेट रुग्णालय. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये ऑगस्ट २०१९ पासून अशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. शाळेच्या सामन्यांतही पंचांनी तेवढं मनावर घ्यावं.

दात. कबड्डीत, बास्केटबॉलमध्ये आख्खा पक्का दात निखळून पडतो. तो फेकू नका, घासू नका. मुळाला हात न लावता चावायच्या बाजूने धरा, दुधात टाका आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे. तो परत बसवता येतो.

मैदानवेडा (२२ जानेवारी)

यात मुंबईच्या मैदानांची भर घालतो. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, आमचं शिवाजी पार्क. एकाच वेळी अनेक सामने, एकाचा पॉइंट दुसऱ्याचा मिडविकेट. आपला सामना बघताना पाठीमागून दुसऱ्याच सामन्याचा चेंडू येतो. जानेवारी २०२४ मध्ये माटुंग्याच्या दडकर मैदानावर क्षेत्ररक्षण करणाऱ्या एका माणसाचा अशाच दुसऱ्या सामन्यातल्या चेंडूने जीव गेला. इथेच खेळून आपण मोठे झालो म्हणून आपल्याला ते साधं वाटतं. आमच्या क्लबने आता बारा वर्षांखालच्या मुलांना शनिवार-रविवार बंद केले आहेत, त्यांना बुधवार सकाळ. आणि मुलांनी हद्दीवर दप्तरं टाकून पाठ करून बसायचं नाही.

पीटीचे_सर (२३ जानेवारी)

चाफेकळीताई, बेरीज ठेवायच्या वहीत नेमकं काय काय लिहायचं? आमच्या मुलांकडे फोन नसतात, वही असते. तुम्ही केलीत तर इथे टाका, मी फळ्यावर आखून देईन.

चाफेकळी (२५ जानेवारी)

सर, डॉक्टर आणि मृण्मयीताईंच्या सल्ल्याने केली. शंभर पानी वही, आडवी धरून सहा रकाने. तारीख. कुठे खेळला (शाळा, अकादमी, क्लब, सोसायटी, काहीही सोडायचं नाही). किती चेंडू. दुखणं ० ते १०, आणि कुठे. झोप किती तास. शेवटचा रकाना 'अंग कसं वाटतंय', तो त्याच्या शब्दांत. रविवारी रात्री आठवड्याची बेरीज लाल पेनाने. आधीच्या आठवड्यांपेक्षा एकदम फार वर गेलेली दिसली तर पुढच्या आठवड्यात कुठला सराव सोडायचा ते तिथेच ठरवायचं. दर तीन महिन्यांनी उंची. शेवटच्या पानावर वर्षाचे बारा महिने, त्यातले दोन महिने आत्ताच रंगवून टाकलेत. त्या काळात क्रिकेट नाही, पोहणं, फुटबॉल, जे आवडेल ते.

दुखण्याच्या रकान्यात खरं लिहिलं तर आई खेळू देणार नाही, ही भीती त्याला होती. आम्ही त्याला शब्द दिलाय की खरा आकडा लिहिल्याबद्दल रागावणार नाही. आकडा ३ च्या वर गेला तर काय करायचं ते आधीच मिळून ठरवलंय, म्हणजे ऐन वेळी वाद नको.

पीटीचे_सर (२५ जानेवारी)

सोमवारी फळ्यावर आखतो. 'कुठे खेळला' मध्ये आमच्याकडे 'शेतात काम' हाही रकाना लागेल. ऊसतोडीच्या दिवसांत मुलं पाठीवर मोळ्या वाहून संध्याकाळी सरावाला येतात. हे मी आजवर धरलंच नव्हतं.

एडिसनकर (११ मे)

ताई, चार महिने होत आले. लेक कसा आहे?

चाफेकळी (१२ मे)

आठवण ठेवलीत, खूप बरं वाटलं.

एमआरआय परत झाला, हाड सांधलंय. मधले दिवस सोपे नव्हते. फेब्रुवारीत संघ निवडला गेला तेव्हा दोन दिवस जेवला नाही. मार्चपासून पोहायला जायला लागला, पोटाचे आणि मांड्यांचे व्यायाम मृण्मयीताईंनी व्हिडिओ कॉलवर शिकवले. या काळात उंची साडेतीन सेंटिमीटर वाढली, चौकटीवर खूण आहे.

गेल्या सोमवारी पहिल्यांदा टाकलं. त्या दिवशीची नोंद त्याच्याच अक्षरात अशी आहे: "१२ चेंडू. उभ्याने. दुखणं ०. झोप ९. अंग जड वाटलं पण मस्त." या आठवड्यात अर्ध्या रनअपने १८, एक दिवसाआड. पूर्ण वेगाला जुलै उजाडेल, आणि पावसाळ्यात छपराखालचा सराव बंद ठेवायचा नाही असं ठरलंय.

अकादमीच्या सरांनी वही बघितली आणि स्वतःहून म्हणाले, बाकीच्या तीन बोलरांच्याही करूया. त्यांनी भिंतीवर तक्ता लावलाय. क्लबने होकार दिलाय. रविवारचं वेगळं कोचिंग आम्हीच बंद केलं. शाळेच्या सरांना दोनदा पत्र दिलं, अजून उत्तर नाही. जूनमध्ये शाळा उघडली की वही घेऊन मी स्वतः जाणार आहे. पीटीचे सर, तुमच्याकडचा फळ्यावरचा तक्ता कसा दिसतो त्याचा फोटो मिळाला तर बरोबर नेईन. शिक्षकाने शिक्षकाचं ऐकलेलं बरं पडेल असं वाटतं.

पीटीचे_सर (१२ मे)

आज पाठवतो. शेताच्या रकान्यासकट.